धडपड्या मांजराला खेळातून तोल शिकवता येतो का?

सांजवात

आमच्याकडे दहा महिन्यांचा बोका आहे. नाव ठोंब्या. नाव आधी ठेवलं आणि गुण नंतर उधळले, त्यामुळे दोष नक्की कुणाचा ते कळत नाही. सोफ्यावरून उतरताना याची हनुवटी आधी टेकते, पाय मागाहून येतात. खिडकीच्या कठड्यावर झेप घेतो ती चार बोटं कमी पडते आणि मग पुढच्या दोन पायांवर लोंबकळत बसतो. पळता पळता वळण आलं की पुढचा अर्धा बोका वळतो आणि मागचा अर्धा सरळ भिंतीकडे जातो. झोपेत कूस बदलताना खुर्चीवरून खाली येणं तर नेहमीचंच.

घरातले हसतात, मीही हसायचे. परवा पुस्तकांच्या कपाटावरून कुशीवर पडला आणि अर्धा तास पलंगाखालून बाहेर आला नाही, तेव्हा हसू आटलं. डॉक्टरांना दाखवलं. डोळे, कान, गुडघे, पाठ तपासली, जमिनीवर चालवून पाहिलं. म्हणाले, आजार दिसत नाही, खेळवा भरपूर. म्हणून काठीला दोरीने बांधलेलं पीस आणलं आणि रोज अर्धा तास ते हवेत उडवते. तो उड्या मारमारून दमतो. पण पडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय असं मला वाटतं.

थोडी पूर्वपीठिका. साधारण तीन आठवड्यांचा असताना एकटाच सापडला. बाटलीने दूध पाजून वाढवला. दोन महिन्यांचा होईपर्यंत उंच कडांच्या खोक्यात ठेवला होता, कारण कुणाच्या तरी पायाखाली येईल ही भीती. भावंडं नाहीत, घरात दुसरं मांजर नाही.

खेळातून खरंच फरक पडतो का? आणि माझं काय चुकतंय?

रात्रपाळी

वाचतोय. आमच्याकडेही असाच एक नमुना आहे.

पडवी

ताई, माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही. मांजराला मांजरपणा काय शिकवणार? आणि मांजर कसंही टाकलं तरी चार पायांवर पडतं. उगाच काळजी करताय.

गुरुत्वमध्य

पडवी, चार पायांवर पडणं आणि न पडणं यात फरक आहे :)

हवेत अंग वळवून पाय खाली आणणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना ती दिसायला लागते आणि सहा-सात आठवड्यांपर्यंत पक्की होते. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची लागोपाठ टिपलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली. सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन मांजर वळत असणार, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता. चित्रांत दिसलं की ते हात सुटल्यावर, अधांतरीच वळतं. त्याचं नीट गणित मांडायला १९६९ साल उजाडलं, ते केन आणि शेर या दोघांनी मांडलं. थोडक्यात सांगायचं तर कणा इतका लवचिक की पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे पिळता येतात. गळ्याचं हाडही आपल्यासारखं सांध्याने जखडलेलं नसतं, त्यामुळे खांदे मोकळे.

पण वळायला वेळ लागतो आणि वेळासाठी उंची लागते. सोफ्यावरून घरंगळणाऱ्याला ती मिळत नाही. शिवाय कठडा किती लांब आहे, मागचा पाय कुठे टेकला तर जोर मिळेल, हे काही जन्मतः येत नाही. ते करून करून येतं. माशाचं माहीत नाही, मांजराला ते शिकावं लागतं.

चारपायी

मी डॉक्टर नाही, पण प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस आहे. सांजवात, तुम्ही आधी दाखवून आलात हे उत्तम केलं. हा धागा उद्या कुणीतरी आपलं मांजर लडखडतंय म्हणून शोधत येईल, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. जन्मापासूनचा धांदरटपणा वेगळा आणि काल धड असलेलं मांजर आज झोकांड्या खायला लागणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात खेळणी शोधत बसायचं नसतं.

मान एका बाजूला कलली, डोळ्यांची बुबुळं झटके देत हलताहेत, मांजर एकाच दिशेला गोल फिरतंय, तर कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत बिघाड असू शकतो. मागचे पाय एकाएकी लुळे पडले, पंजे थंड लागतात आणि मांजर कळवळतंय, तर एक मिनिटही घालवू नका, रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. टाचा जमिनीला टेकवून चालणाऱ्या मांजराची रक्तातली साखर तपासतात. म्हातारं मांजर बाहुल्या विस्फारून भिंतींना धडकायला लागलं तर रक्तदाब. मान सतत खाली झुकलेली आणि अंगात शक्ती नाही, तर पोटॅशियम किंवा थायमिन कमी पडलेलं असू शकतं. कच्च्या माशांवरच पोसलेल्या मांजरात थायमिनची कमतरता होते, कारण काही माशांमध्ये ते नष्ट करणारं द्रव्य असतं.

आणि एक हात जोडून सांगणं. कुत्र्यांच्या पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते पेलत नाही, थरथर सुरू होते, झटके येतात, जीव जातो. 'थोडंसंच लावलं होतं' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

ठोंब्याबद्दल माझे दोनच प्रश्न. फरशी कसली आहे? आणि तो केसाळ आहे का? असेल तर पंजा उलटा करून गाद्यांमधले केस बघा.

माजघर

आमची मनू जन्मापासून डुलते. सेरेबेलर हायपोप्लेसिया. आईच्या पोटात असताना किंवा जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूने गाठलं तर लहान मेंदूची वाढ खुंटते, हे तिचं तसं झालं. ती पाय फाकून उभी राहते, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून आपटते. कशाच्या तरी जवळ तोंड नेलं की डोकं जास्तच थरथरतं. दुखत काही नाही आणि वयाबरोबर वाढतही नाही. आता सात वर्षांची आहे.

हे सांगायचं कारण असं, की तिचा लहान मेंदू काही वाढणार नाही, तरी ती पहिल्यापेक्षा कितीतरी बरी चालते. पडायचं कुठे, टेकायचं कुठे, भिंतीला खांदा लावून वळायचं कसं, हे तिने शोधून काढलंय. तुमच्या ठोंब्याचा मेंदू धड आहे. त्याला तर पुष्कळ जमेल. फक्त ते हवेतलं पीस आधी बंद करा. का ते सवडीने लिहिते.

कवायत

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे, मांजरांची नाही, हे आधीच कबूल करते. पण पडणारा माणूस आला की मी पहिला प्रश्न विचारते, 'कधी पडता?' उत्तर बहुतेक वेळा 'नेहमीच' असं येतं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. आठवडाभर वही ठेवा. किती वाजता, कुठून, कशावरून कशावर, खेळाआधी की नंतर. बाकी काही बदलू नका. मग बोलू.

सांजवात

सगळ्यांचे आभार. चारपायी, फरशी गुळगुळीत आहे. आणि हो, तो बराच केसाळ आहे. वही घालते.

सांजवात (आठ दिवसांनी)

वही आणली आहे. सात दिवसांत ३१ वेळा. मला वाटलं होतं सगळीकडे पडतो, पण नाही.

फरशीवर वळताना किंवा थांबताना घसरला: १७. झेप कमी पडली: ९, त्यातल्या ७ फरशीवरून घेतलेल्या. उतरताना: ३. झोपेतून: २.

गालिच्यावरून घेतलेली झेप फक्त एकदाच चुकली. आणि या ३१ पैकी १९ प्रकार पीस उडवण्याच्या खेळात किंवा खेळ संपल्यावर दहा मिनिटांत घडले. म्हणजे मी रोज अर्धा तास त्याला पडायचाच सराव देत होते.

पंजे उलटे केले. गाद्या दिसतच नाहीत, केसांचे मोजे घातल्यासारखे आहेत.

चारपायी

तेच ते. पंजाच्या गाद्या मऊ आणि किंचित ओलसर असतात, पकड त्यांचीच. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळून बघा, तुमचंही मागचं अंग भिंतीकडे जाईल. बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीपर्यंत केस कापा, खोल शिरू नका. तो हलत असेल तर दवाखान्यात करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नखांचं फक्त पुढचं टोक काढा. जास्त कापलीत तर पकड जाते आणि वाढू दिलीत तर ती गालिच्यात अडकून पाय मुरगळतो.

पडवी

म्हणजे शेवटी केसच निघाले ना? शिकवणीचा प्रश्न मिटला.

माजघर

अर्धा मिटला. फरशीवरून झेप का कमी पडते ते कळलं, पण कूस बदलताना पडणारा आणि उतरताना हनुवटी टेकवणारा बोका केसांमुळे तसं करत नाही. त्याला आपलं मागचं अंग कुठे आहे याचा पत्ता नाही. सगळ्या धांदरट मांजरांचं दुखणं बहुधा इथेच असतं. पुढचे पाय डोळ्यांसमोर असतात, मागचे नुसते आठवणीत ठेवायचे असतात.

आता खेळाचं. मनूच्या वेळी मीही तुमच्यासारखीच चूक केली होती. जितका जोरात खेळ तितका व्यायाम, असा माझा हिशेब. पण वेगात असताना मांजर पाय टाकत नाही, फेकतं. वेगच त्याला पुढे नेतो आणि चूक झाकून टाकतो. शाळेत मंद सायकल शर्यत असायची आठवतंय? जोरात सायकल कुणीही हाणतं, हळू चालवताना तोल कुणाला येतो ते दिसतं. मांजराचंही तेच. त्याला हळू चालायला लावा.

पीस हवेतून काढून जमिनीवर आणा. काठी लांब धरा आणि पीस त्याच्यापासून दीड-दोन मीटरवर ठेवा. मांजराला साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही, तिथे ते मिशांवर आणि पुढच्या पायाच्या मागच्या बाजूच्या लांब केसांवर काम भागवतं. नाकासमोर पीस नाचवलं की ते गोंधळून नुसते पंजे मारत सुटतं. पीस त्याच्या अंगावर आणू नका, कुठलाच उंदीर आपण होऊन मांजराकडे येत नाही. दूर न्या, थांबवा, थोडं थरथरवा, खुर्चीच्या पायामागे अर्धं लपवा. मग तो दबा धरतो. दबा धरून पुढे सरकणारं मांजर नीट बघा. पोट जमिनीलगत, एक पाय उचललेला, तो टेकायच्या आधी दुसरा हलत नाही. यातच सगळी कसरत आहे. तुम्ही जितकं हळू ओढाल तितका त्याचा एकेक पाय वेगळा काम करतो. मनू आधी दोन पावलांत कोलमडायची. दोन महिन्यांनी अख्खी खोली अशी दबकत पार करायला लागली.

मोठ्या गोल वळणाने ओढा, मग उलट्या बाजूने. आठचा आकडा काढा. एका बाजूला जास्त पडत असेल तर त्या बाजूचं वळण मोठं ठेवा, लहान करायची घाई नको.

आणि त्याला पकडू द्या. प्रत्येक दोन-तीन हल्ल्यांमागे एकदा पीस त्याच्या तावडीत गेलंच पाहिजे. पाच-सात मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा-तीनदा, शेवटी खाऊ. अर्धा तास नको. तोंड उघडून धापा टाकेपर्यंत तर कधीच नको. कुत्रा धापतो ते साधं असतं, मांजर धापायला लागलं तर थांबायचं, आणि वारंवार होत असेल तर छाती तपासून घ्यायची.

रात्रपाळी

लेझर चालेल का? आमचा त्यावर जीव टाकतो.

माजघर

हळू फिरवलात तर पाय चालतील. पण ठिपका हाती लागत नाही, आणि कितीतरी मांजरं नंतर सावल्या आणि कवडसे शोधत हिंडतात. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा. डोळ्यांवर पाडू नका.

चारपायी

दोरीबद्दल राहिलं. खेळ झाला की काठी-दोरी कपाटात. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडतो आणि कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात आणा.

कवायत

वही आवडली. रुग्णांनी अशा वह्या आणल्या असत्या तर!

माजघर म्हणतात त्या मागच्या अंगासाठी माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. माणसांकडून करून घेते त्याच, चार पायांवर बसवलेल्या. प्राण्यांच्या पुनर्वसनात ही दांड्यांची कसरत करून घेतातच, त्यामुळे मी काही नवीन शोध लावत नाहीये.

एक, झाडूचे चार-पाच दांडे किंवा घट्ट गुंडाळलेले टॉवेल जमिनीवर आडवे ठेवा. दोघांत ठोंब्याच्या अंगाच्या लांबीएवढं अंतर, शेपूट सोडून. पीस त्यावरून हळू ओढत न्या. पुढचे पाय बघून टाकेल, मागचे अडखळतील. तीन-चार दिवसांत मागचेही उचलायला लागेल. मग दांडे थोडे वर उचला, पण घोट्याच्या वर नाही, नाहीतर तो उडी मारून मोकळा होईल आणि सगळंच फुकट.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन बदलणं. दुमडलेली रजई, सोफ्याची उशी, पायपुसणं, पुठ्ठा असं एका ओळीत मांडा आणि त्यावरून चालवा. मऊ जागी तोल सावरायला पायाच्या बारीक स्नायूंना काम पडतं. घाबरला तर उचलून वर ठेवू नका. खाऊ पुढे ठेवून वाट बघा. स्वतः चढला तरच उपयोग.

गुरुत्वमध्य

'स्वतः चढला तरच उपयोग' यावरून एक जुना प्रयोग आठवला. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन यांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या यंत्राला जोडल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं पाळण्यात बसून तेवढंच फिरायचं. दोघांना दिसायचं जवळजवळ सारखंच. पण जे चाललं त्याला पायरीची कड कळायची, पृष्ठभाग जवळ आला की पंजे पुढे यायचे. पाळण्यातल्याला हे जमेना. डोळे दोघांचे शाबूत, फक्त एकाने पाहिलेलं पायांशी जोडलंच नव्हतं.

सांजवात, तो उंच कडांचा खोका वाचून मला हेच आठवलं होतं. तेव्हा बोललो नाही.

चारपायी

थांबा जरा. त्या प्रयोगातली पिल्लं बाकीचा वेळ अंधारात ठेवलेली होती. पुढे मोकळं सोडल्यावर पाळण्यातलीही शिकली. खोक्यात वाढलेलं पिल्लू खोक्यात का होईना, पण चालतं, पडतं, कडा चढायला बघतं. बाटलीवर वाढवलेली शेकडो पिल्लं पाहिलीत, त्यातली बरीचशी पुढे चांगली माकडं झाली. सांजवातने त्याचा जीव वाचवलाय, तिच्या डोक्यात हा किडा सोडू नका.

गुरुत्वमध्य

मान्य. दोष द्यायचा नव्हता, मोकळं सोडल्यावर शिकली हाच भाग सांगायचा होता. तो शेवटी यायला हवा होता, राहून गेला.

सांजवात

किडा आधीपासूनच होता, काळजी नसावी. उलट बरं वाटलं.

जुनी वही

आमची तेरा वर्षांची आहे. पूर्वी कपाटावर एका झेपेत जायची, आता पलंगावर चढतानाही दोनदा विचार करते. हे दांडे वगैरे तिला चालतील का?

चारपायी

आधी सांधे बघून घ्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यातल्या ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. आणि मांजर लंगडत नाही, नुसतं करायचं सोडून देतं. चढत नाही, पाठ चाटत नाही, लिटर ट्रेच्या बाहेर बसतं. आपल्याला वाटतं म्हातारपण. दुखणं कमी करायची औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी द्यायची. माणसांची गोळी घरातल्या घरात अजिबात नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते.

वेदना आटोक्यात आली की जमिनीवर सपाट ठेवलेले टॉवेल, हळू चाल, एवढं जरूर करा. उड्या नकोत. पलंगाला पायऱ्या लावून द्या.

जुनी वही

पाठ चाटत नाही हे अगदी खरं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्याच जाते.

सांजवात (तिसरा आठवडा)

केस कापले, पळायच्या वाटेवर रबरी तळाचे गालिचे टाकले, हवेतलं पीस बंद. आठवड्याचा आकडा १४. फरशीवरचे सतरा होते ते पाचवर आले. हे श्रेय खेळाचं नाही, कात्रीचं आणि गालिच्यांचं. पडवी, हा गुण तुमचा.

दांड्यांचा पहिला दिवस बघण्यासारखा होता. पुढचे दोन पाय व्यवस्थित ओलांडून गेले, मागचा उजवा दांड्यावर बसला, मागचा डावा त्याच उजव्यावर, आणि साहेबांनी मागे वळून पाहिलं की हे कोण. माझा नवरा म्हणाला, याला आज पहिल्यांदा कळलं की आपण मागेपर्यंत आहोत.

एक गंमत केली. मांजर हळू चालताना मागचा पंजा जवळजवळ पुढच्याच्या ठशावर टाकतं असं वाचलं होतं. ओल्या फडक्यावरून चालवून त्याचे ठसे कोरड्या फरशीवर पाहिले. डावीकडचे ठसे एकावर एक. उजवीकडचा मागचा मात्र दरवेळी दोन बोटं बाहेर. उजवीकडची वळणं आता मोठी ठेवतेय.

कवायत

ठशांची कल्पना ढापतेय. पण उजवा सतत बाहेर पडतो हे पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. बहुधा सवयच असेल, तरी त्या बाजूचा कुल्ला आणि गुडघा परत एकदा चाचपून घेतलेला बरा.

सांजवात

दाखवला. एक्स-रेही काढला. सांधा ठीक आहे.

रात्रपाळी

झेपेचं काय करायचं? आमच्याकडचा झेप घ्यायच्या आधी बूड हलवतो, हलवतो, हलवतो आणि मग रद्द करतो.

माजघर

रद्द करतोय म्हणजे त्याला अंदाज येतोय की जमणार नाही. हा शहाणपणा आहे, हसू नका.

उंची पायरीपायरीने वाढवायची. वीतभर उंच, न हलणारं काहीतरी घ्या, जाड पुस्तकांचा गठ्ठा दोरीने बांधून चालेल. वर खरखरीत कापड. आधी नुसते पुढचे पाय वर आणि मागचे खाली, अशा अवस्थेत खाऊ द्या. सगळं वजन मागच्या पायांवर येतं आणि झेपेचा जोर तिथूनच निघतो. हे आठवडाभर करा. मग पूर्ण चढणं. मग दुसरा गठ्ठा अर्ध्या हातावर. सलग दहा वेळा न चुकता जमल्याशिवाय उंची वाढवायची नाही, हा माझा घरगुती नियम आहे.

उतरणं वेगळं शिकवावं लागतं. चढताना मागचे पाय काम करतात, उतरताना धक्का पुढच्यांवर येतो. ज्यांची हनुवटी टेकते त्यांना अधली पायरी द्या आणि खाली जाड गादी टाका. पीस खाली, जरा पुढे ठेवायचं, म्हणजे सरळ खाली न पडता ते पुढे उतरतं.

पडवी

अवांतर: आमची मनी हे सगळं बघून माझ्याकडे तुच्छतेने पाहते आहे.

सांजवात (आठवा आठवडा)

शेवटची वही. आठवड्याला ९. वळताना ३, झेप कमी पडली २, उतरताना ४. उतरताना आधीपेक्षा एक जास्त, कारण आता तो अशा जागी पोचतो जिथून पूर्वी उतरायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या तीन आठवड्यांतली सुधारणा केस आणि गालिच्यांची. पुढच्या पाचातली खेळाची असावी. 'असावी' म्हणते, कारण मधल्या काळात तो वर्षाचा झाला, अंग भरलं. आपोआपही काही आलं असेल. दुसरा ठोंब्या बाजूला न शिकवता ठेवला असता तर कळलं असतं. पण दांड्यांवरून मागचे चारही... म्हणजे दोन्ही पाय उचलून जातो हे मी रोज बघते, आणि ते आपोआप आलं असं मला कुणी पटवू शकणार नाही. झोपेत पडणं बंद झालंय. कडेला आला की मागचा पाय चाचपतो आणि परत आत सरकतो. हे मी शिकवलेलं नाही.

हवेतलं पीस गेल्या आठवड्यात एकदाच काढलं, गालिच्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तीनदा झेप घेतली, तिन्ही वेळा पायांवर उतरला. परत कपाटात ठेवलं. हळूचा खेळ त्यालाच जास्त आवडायला लागलाय, दबा धरून पाच पाच मिनिटं बसतो. माझीच कंबर धरते.

आता शिडी जमिनीवर आडवी टाकून पायऱ्यांच्या मधल्या चौकोनांतून चालवतेय. ही कल्पना कवायत यांची, व्यक्तिगत निरोपातून आलेली.

पडवी

ताई, हरलो. तुमचं वाचून आमच्या मनीसाठी शिडी आडवी टाकली. तिला गरज नाही, पण म्हटलं बघू. तिने वास घेतला, एका चौकोनात शिरली, गोल फिरली आणि झोपली. बरोबर मावते. काल दुपारपासून तिथेच आहे. शिडी काढू की ठेवू?

सांजवात

ठेवा. उठून बाहेर पडताना पाय उचलावाच लागेल.